विद्यार्थ्याचे बिऱ्हाड आणि विद्यार्थ्याचे ताट



आपल्या शाळेचे दिवंगत मुख्याध्यापक, ज्यांना आपण सारे केवळ 'गुरुजी' या एकाच नावाने ओळखत आलो, त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानाचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपविण्यात आली होती. मी इतिहासाचा अध्यापक. हैदराबाद मुक्तिसंग्राम, निजामाच्या राज्यातील शिक्षण किंवा सीमाभागातील मराठीचा प्रश्न यांपैकी एखादा विषय मी घेईन, अशी आपली अपेक्षा असणार. या तिन्ही विषयांना मी स्पर्श करणार आहे. परंतु स्वयंपाकघराच्या दारातून. शिकण्यासाठी घर सोडलेला विद्यार्थी कोठे राहिला आणि त्यामुळे काय जेवला, हा माझा आजचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. राजे, लढाया, करार आणि कायदे यांनी भरलेल्या इतिहासात विद्यार्थ्याच्या ताटाला जागा ती कोठली! परंतु आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर कोण शिकला आणि कोणाचे शिक्षण अर्ध्यावर राहिले, याचा निर्णय पुष्कळदा त्या ताटाने केला आहे. विद्यार्थी आपल्या आवडीने जेवतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो आपल्या बिऱ्हाडाप्रमाणे जेवतो. स्वतःचे घर, नातेवाइकाची ओसरी, वारांची घरे, चौघांत मिळून घेतलेली खोली, खाणावळ आणि वसतिगृह या बिऱ्हाडाच्या सहा तऱ्हा आहेत. त्या प्रत्येक तऱ्हेचे अन्न वेगळे, लाज वेगळी आणि शिकवणही वेगळी.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा म्हणून १९०५ मध्ये अस्तित्वात आला. पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांनी वेढलेल्या या प्रदेशात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा या भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून नांदेड जिल्ह्यात गेले आणि राजुरा पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. आपण मात्र अलीकडे राहिलो. सीमा कागदावर आखली गेली. चुलीवर ती आखता आली नाही. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, पिठले आणि मिरचीचा ठेचा हेच जेवण होते. अंबाडीला तेलुगू शेजारी गोंगुरा म्हणत आणि तिची पच्चडी करीत, एवढाच काय तो फरक. डोंगरातल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांतही ज्वारी हेच मुख्य धान्य. तिची भाकर किंवा पातळ पेज आणि जोडीला मोहाची फुले, कंदमुळे, रानभाज्या. भात हा सणाचा, पाहुण्यांचा किंवा आजाऱ्याचा पदार्थ होता.

या भूमीतील मुलाला उच्च शिक्षण घ्यावयाचे, तर घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले. तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मातृभाषेची आस असणाऱ्यांसाठी हैदराबादेत १९०७ मध्ये विवेकवर्धिनी आणि त्याच वर्षी गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले. पुढे १९३५ मध्ये अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली योगेश्वरी नूतन विद्यालय उभे राहिले. ही सारी ठिकाणे आपल्यापासून कित्येक कोस दूर. म्हणजे आपल्याकडील मुलापुढे पहिला प्रश्न 'कोणता विषय घेऊ' हा नसे; 'कोणाकडे राहू आणि कोठे जेवू' हा असे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक जुने उत्तर होते. ते म्हणजे माधुकरी आणि वार. माधुकरी मागणारा मुलगा चार घरी जाऊन शिजविलेले अन्न आणी; वार लावून जेवणाऱ्याची आठवड्याची सात घरे ठरलेली असत. सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी एखाद्या मास्तरांकडे, असा तो क्रम. या प्रथेच्या आधारावर कित्येक निर्धन मुले शिकली, ही गोष्ट कृतज्ञतेनेच सांगितली पाहिजे. पुण्यात १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाचा, आरंभीचा आधारही माधुकरीच होता.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने कृतज्ञतेपाशी थांबून चालत नाही. वारांच्या घराने मुलाला अन्न दिले, त्याबरोबर काही धडेही दिले. पानात पडेल ते निमूटपणे खावे, दुसऱ्यांदा मागू नये, घरच्या मुलाच्या वाटीतील तुपाकडे पाहू नये, आणि एखाद्या वारी त्या घरी सोयर वा सुतक असले तर तो दिवस पाणी पिऊन काढावा. अशा मुलांपैकी अनेकांना पुढे आयुष्यभर 'आवड' हा शब्द अन्नाच्या संदर्भात उच्चारता आला नाही. आणि याहून मोठी मर्यादा म्हणजे ही सात घरे मुख्यतः ब्राह्मणांची आणि ब्राह्मण मुलांसाठीच उघडी होती. कुणब्याच्या, माळ्याच्या मुलाला तेथे पान मांडले जात नसे. अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर अंगणही बंद. मुलींचा तर विचारच नव्हता, कारण मुलगी वार लावून जेवू शकत नव्हती. म्हणूनच धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचा आरंभ केला, तेव्हा मुलींसाठी शिक्षणाबरोबरच निवासाची आणि भोजनाची व्यवस्था करणे अटळ ठरले.

या कोंडीतून मार्ग काढला तो वसतिगृहाने. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना करविली. त्यानंतर निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शाळा काढणे पुरेसे नाही, शिकणाऱ्याच्या पाठीला छप्पर आणि पोटाला भाकर हवी, हे त्या राजाने ओळखले होते. आरंभीची ही वसतिगृहे बहुधा एकेका जातीची होती. पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. तेथील मुलांच्या धान्यासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट आपण सारे जाणतो. माझी विनंती अशी, की आजच्या विवेचनाच्या शेवटापर्यंत आपण ती ध्यानात ठेवावी.

आता आपल्या संस्थानाकडे परत येऊ. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' गाण्यावरून जो संघर्ष झाला, तो मुक्तिसंग्रामाचा एक तेजस्वी अध्याय म्हणून आपण शिकतो आणि शिकवितो. वसतिगृहातील प्रार्थनेच्या जागेत ते गीत गाण्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी संप केला, औरंगाबादेतही तीच ठिणगी पडली आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली गेली. या घटनेकडे मी ताटाच्या बाजूने पाहू इच्छितो. वसतिगृहातून काढलेल्या विद्यार्थ्याचे छप्पर आणि जेवण एकाच दिवशी जाते. वसतिगृह जे देते ते एका आज्ञेने परत घेऊही शकते, हा धडा त्या पिढीला तेथे मिळाला. नागपूर विद्यापीठाने यांतील अनेकांना प्रवेश दिला आणि हैदराबादची मुले वऱ्हाडी जेवणाच्या पंगतीला बसली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या काळी संस्थान सोडून नागपुरास शिकले. याच तेलुगू भाषिक गृहस्थांनी पुढे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी तेलुगूत नेली. दुसऱ्यांच्या प्रांतात राहून, त्यांच्या ताटात जेवून विद्यार्थी काय काय घेऊन परततो, याचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत सापडावयाचा नाही.

आपल्याच जिल्ह्यातील आणखी एक प्रयोग येथे नोंदविला पाहिजे. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखालील उठाव रक्तात बुडविला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना गोंडांच्या प्रश्नांचा अभ्यास करण्यास पाचारण केले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई या गोंड गावात गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथील गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत होती, ही गोष्ट आपल्या सीमाभागाला विशेष जवळची. मला या प्रयोगात महत्त्वाचे वाटते ते त्याचे स्थान. केंद्र शहरात नव्हते, गोंड गावात होते. शिकावयास आलेल्या तरुणाची भाषा, त्याचे सण आणि त्याची ज्वारी या सर्वांच्या मध्यभागी त्याचे बिऱ्हाड होते. पुढे निघालेल्या बहुसंख्य निवासी शाळांनी शिक्षणाची व्याप्ती पुष्कळ वाढविली. परंतु मुलाला त्याच्या अन्नातून उचलून न नेता शिकविण्याची ती युक्ती मात्र मागे पडली.

स्वातंत्र्याच्या सुमारास आणि त्यानंतर दोन गोष्टींनी चित्र पालटले. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली होती, आणि १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या वसतिगृहांनी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुलांना प्रथमच असे ताट दिले, की ज्याच्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. वारांच्या अन्नात दया होती. वसतिगृहाच्या अन्नात हक्क होता. अन्न कदाचित जाडेभरडे असेल, परंतु दया आणि हक्क यांच्या चवीत फार अंतर असते. पुण्यातही १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन करून ग्रामीण मुलांच्या निवासाची आणि अल्प खर्चातील भोजनाची सोय लावली.

आता थोडे स्वतःविषयी. मी १९६७ मध्ये आपल्या शाळेतून बाहेर पडलो आणि मीटरगेजच्या गाडीने किनवट, मुदखेड करीत नांदेडला पोहोचलो. आम्ही चौघांनी मिळून एक खोली केली. घासलेटचा एक स्टोव्ह, दोन पातेली, एक तवा आणि चार ताटल्या, एवढा आमचा संसार. पाळीने स्वयंपाक करावयाचा असे ठरले होते. आमच्यापैकी एकालाही भाकर थापता येत नव्हती. घरी ते काम आई आणि बहिणी करीत. आठ दिवस आम्ही जाड, कच्च्या, कडा फाटलेल्या भाकरी खाल्ल्या आणि नवव्या दिवशी तांदूळ आणला. भात शिजविण्यास हात लागत नाही, पाणी आणि आच पुरते. ज्वारीवर वाढलेली चार मुले भाताकडे वळली ती आवड बदलली म्हणून नव्हे. आई बरोबर नव्हती म्हणून. सवयीच्या इतिहासात अशी साधी कारणे फार मोठे काम करून जातात.

पुढे एम. ए. साठी मी एका मोठ्या शहरातील वसतिगृहात राहिलो. त्या वसतिगृहाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. सुटीहून परतताना आई ज्वारीच्या भाकरी कडक वाळवून, तिळाची चटणी घालून फडक्यात बांधून देई. मेसमध्ये पोळी आणि भात असे. एकदा माझ्या फडक्यातील भाकर पाहून शेजारच्या खाटेवरील मुलाने विचारले, "हे तुमच्याकडे माणसे खातात?" तो दुष्ट नव्हता, त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. मी उत्तर दिले नाही. त्या रात्री सारे निजल्यावर मी ती भाकर अंधारात, आवाज न होऊ देता, पाण्यात भिजवून खाल्ली. आणि पुढच्या सुटीत आईला सांगितले, की आता भाकरी बांधून देऊ नकोस, तेथे सारे मिळते. आईने 'बरे' म्हटले. ती गेली तेव्हापर्यंत तिला असेच वाटत राहिले, की मुलाला शहरात सारे मिळत होते. पन्नासांहून अधिक वर्षे झाली; हे मी आज प्रथमच चारचौघांत बोलत आहे.

माझ्या एकट्याची ही गोष्ट असती, तर ती सांगण्याचे कारण नव्हते. परंतु पुढील काळात साऱ्या जिल्ह्याच्या ताटातून ज्वारी सरत गेली. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो तांदळाची योजना आणली. भुकेलेल्या घरांना तिने केवढा आधार दिला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिची निंदा माझ्याच्याने होणार नाही. मात्र स्वस्त धान्य म्हणजे तांदूळ, वसतिगृहाचे धान्य म्हणजे तांदूळ आणि शाळेतील माध्यान्ह भोजन म्हणजे तांदूळ, असे समीकरण त्यातून दृढ झाले. शेतात कापूस आणि सोयाबीन आले, ज्वारीचे क्षेत्र आक्रसले. तेलंगण राज्य २०१४ मध्ये स्थापन झाल्यावर जानेवारी २०१५ पासून वसतिगृहांना आणि शाळांना बारीक तांदूळ देण्यात येऊ लागला. जाड्या तांदळाच्या भाताला नाके मुरडणाऱ्या मुलांसाठी ती सुधारणाच होती. परंतु उतनूरच्या डोंगरातील एखादे मूल पाचव्या वर्षी आश्रमशाळेत आले आणि अठराव्या वर्षी बाहेर पडले, तर त्याच्या तोंडातील चव ही आता त्याच्या आजीची राहिलेली नसते. ती पुरवठा विभागाची असते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील काही मुलांना ज्वारीची ओळख एखाद्या नवलाच्या वस्तूसारखी करून द्यावी लागली असेल, तर त्यात मुलांचा दोष नाही.

आजचा विद्यार्थी कोठे राहतो? २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. २००८ मध्ये बासर येथे निघालेले राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आज निर्मल जिल्ह्यात आहे. दहावीनंतर तेथे गेलेले मूल सहा वर्षे तेथेच राहते आणि तेथेच जेवते. जून २०२२ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी अनेक दिवस शांतपणे धरणे धरले, त्या मागण्यांत मेसमधील अन्नाचा प्रश्न होता. दुसरे बिऱ्हाड हैदराबादेतील अमीरपेठ किंवा दिलसुखनगरसारख्या भागांतील खाजगी वसतिगृहांचे, आणि तिसरे भाड्याच्या खोलीचे. या तिसऱ्या बिऱ्हाडात स्टोव्हची जागा विजेच्या कुकरने घेतली आहे. मुले भात खोलीवर लावतात आणि कोपऱ्यावरच्या 'करी पॉइंट'मधून पिशवीत बांधून मिळणारी आमटी, भाजी आणतात. चौघांत एक पिशवी घेतली की भात अधिक आणि भाजी कमी, हे ओघानेच आले. हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात एकूण उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा, असे सांगितले आहे. खोलीवरच्या त्या ताटात हा वाटा किती असतो, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही.

आणि काही वेळा प्रश्न सवयीचा राहत नाही, जिवाचा होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या वांकिडी येथील आदिवासी आश्रमशाळेतील मुली अन्नविषबाधेने आजारी पडल्या आणि त्यांतील नववीत शिकणारी एक मुलगी हैदराबादच्या रुग्णालयात मरण पावली. ज्या आईबापांनी 'तेथे पोटभर जेवेल आणि शिकेल' म्हणून मुलीला धाडले, त्यांच्या वाट्याला हे आले. त्याच सुमारास राज्य सरकारने वसतिगृहांच्या भोजनखर्चात वाढ केली. तिसरी ते सातवीसाठी दरमहा ९५० रुपयांचे १३३० झाले, आठवी ते दहावीसाठी ११०० चे १५४०, आणि इंटरमीडिएटपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी १५०० चे २१०० झाले. वाढ स्वागतार्ह आहे. तरीही हिशेब मांडून पाहावा. २१०० रुपये म्हणजे दिवसाला ७० रुपये. लहान मुलांसाठी साधारण ४४ रुपये. त्यात सकाळचा नाश्ता, दोन जेवणे, दूध, अंडी आणि फळ बसवावयाचे आहे. हा हिशेब सांभाळणारी व्यक्ती प्रामाणिक आणि मायाळू असली तर तो जेमतेम जमतो. नसली तर काय होते, ते आपण वाचतोच.

येथे मला गुरुजींकडे यावयाचे आहे. आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत, त्यांना गुरुजींच्या घराची पडवी आठवत असेल. पावसाळ्यात ओढे भरले, की पलीकडच्या खेड्यांतील मुले तेथेच राहत. मुले घरून कोरा शिधा आणीत आणि तो एका चुलीवर शिजे. जात कोणती, हा प्रश्न त्या पडवीत विचारला गेल्याचे मला स्मरत नाही. गुरुजींच्या मागे त्यांच्या कुटुंबीयांनी काही कागद माझ्या स्वाधीन केले. त्यांत एक शिध्याची वही आहे. कोणी दोन पायल्या ज्वारी आणली, कोणी अर्धा शेर तुरीची डाळ, कोणी नुसतीच मिरची; सारे तिच्यात नोंदलेले आहे. ज्याने काही आणले नाही, त्याच्या नावापुढे जागा कोरी आहे. शून्यसुद्धा लिहिलेले नाही. त्या मुलाला वही दिसली, तर शून्य दिसू नये, एवढाच त्याचा अर्थ असावा.

ती वही आणि शाळेचे हजेरीपट मी शेजारी ठेवून वाचले. श्रावण-भाद्रपदात घरची कणगी रिकामी होते आणि नवे पीक अद्याप हाती आलेले नसते. त्याच दिवसांत कोऱ्या जागा वाढतात. गावातच राहणाऱ्या, पडवीत न जेवणाऱ्या गरीब मुलांची नावे त्याच दिवसांत हजेरीपटावरून गळतात. पडवीतील मुलांची गळत नाहीत. मुलाने शाळा का सोडली, या रकान्यात आपण 'अनास्था' असे लिहीत आलो. तेथे खरे म्हणजे 'भाद्रपद' असे लिहावयास हवे होते.

या वहीविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिली काही पाने सोडली, तर तिच्यातील अक्षर गुरुजींचे नाही. गुरुजींचे वळणदार, टाकाने लिहिलेले अक्षर आपल्या साऱ्यांच्या प्रगतिपुस्तकांवर आहे. वहीतील अक्षर मोठे, थोडे तिरपे आणि जपून काढलेले आहे. ते काकूंचे आहे. चुलीपुढे बसून चाळीस भाकरी थापणाऱ्या, कोणाला ताप आहे, कोण कमी जेवला, कोणाच्या घरून शिधा आलेला नाही, हे ध्यानात ठेवणाऱ्या आणि रात्री ते लिहून ठेवणाऱ्या काकू. आपण त्यांना 'काकू, वाढा' यापलीकडे फारसे काही बोललो नाही. हे व्याख्यान गुरुजींच्या नावाने आहे आणि ते योग्यच आहे. परंतु साताऱ्याच्या लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगणारे आपण, आपल्याच शाळेतील ही गोष्ट विसरलो होतो. हा दोष इतिहासाचा अध्यापक म्हणून प्रथम माझा आहे.

मित्रहो, या साऱ्या विवेचनातून मी तीन गोष्टींपर्यंत पोहोचतो. पहिली अशी, की विद्यार्थ्याच्या सवयींबद्दल त्याला उपदेश करण्यापूर्वी त्याचे बिऱ्हाड पाहावे. खोलीत एकटा राहणारा मुलगा पाकिटातील शेवया उकळून खातो, तो बिघडलेला नसतो, थकलेला असतो. दुसरी अशी, की अन्न देण्याच्या पद्धतीत मान असेल तर साधे अन्नही अंगी लागते, आणि मान नसेल तर पंचपक्वान्नही घशाखाली उतरत नाही. वारांपासून वसतिगृहापर्यंतचा शंभर वर्षांचा प्रवास हा दयेकडून हक्काकडे झालेला प्रवास आहे. त्यात मागे पाऊल पडता कामा नये. तिसरी अशी, की मुलाला त्याच्या घरच्या अन्नाची लाज वाटेल असे शिक्षण अपुरे आहे. २००४ मध्ये सुरू झालेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये असोत, आश्रमशाळा असोत वा विद्यापीठाची मेस असो, तेथे आठवड्यातून एक-दोनदा या मातीतील ज्वारी, अंबाडी आणि तूर सन्मानाने वाढली जावी. ते पोषणासाठी आहेच. परंतु त्याहून अधिक, आईला 'भाकरी बांधून देऊ नकोस' असे सांगण्याची वेळ कोणत्याही मुलावर येऊ नये, यासाठी आहे.

संस्थेच्या चालकांपुढे मी दोन नम्र सूचना ठेवतो. आपले जे विद्यार्थी दहावीनंतर बाहेरगावी जातात, ते कोठे राहतात आणि कसे जेवतात, याची माहिती माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून दोनदा प्रत्यक्ष भेटून घ्यावी. आपल्यापैकी कितीतरी जण हैदराबाद, नांदेड, नागपूर आणि चंद्रपूर येथे स्थिरावले आहेत. एका रविवारी दोन मुलांना घरी जेवावयास बोलावणे कोणालाही जड नाही. त्यात मेहेरबानी नसावी, आपलेपणा असावा. आणि दुसरी सूचना अशी, की पुढील वर्षापासून या व्याख्यानास गुरुजी आणि काकू या दोघांचेही नाव द्यावे. शिध्याची ती वही मी आज शाळेच्या स्वाधीन करीत आहे. ती कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांना वाचावयास द्यावी. तिच्यातील कोऱ्या जागांचा अर्थ त्यांना समजेल, असा मला विश्वास आहे.

 ज्या पडवीत मी जेवलो, तिच्या ऋणातून मुक्त होण्याची माझी इच्छा नाही.